होंडुरासच्या गावासाठी स्वस्त जलशुद्धीकरण: फिल्टर निवडण्याआधी ऑपरेटरशी बोला

प्रश्न थोडक्यात असा आहे. महाराष्ट्रातून सिव्हिलची पदवी घेऊन अमेरिकेत एमएस करणारा एक विद्यार्थी आणि त्याचे सहकारी, असा सहा जणांचा गट होंडुरासमधल्या एका डोंगराळ गावासाठी स्वस्त जलशुद्धीकरणाची योजना आखतो आहे. गावात नळ आहेत, पाणी समिती आहे, पाणी एकाच ओढ्याचं आहे आणि पावसाळ्यात ते गढूळ येतं. हातात दोन सेमिस्टर आहेत आणि जानेवारीत दहा दिवसांची भेट आहे. बायोसँड फिल्टर, मातीच्या कुंडीचा फिल्टर आणि मेंब्रेन (अतिसूक्ष्म छिद्रांचा पडदा) यांवरून गटात वाद चालला आहे. यांतलं काय निवडावं आणि दहा दिवसांत काय उभारून यावं, असं त्याने विचारलं आहे.

माझी सगळी नोकरी जलशुद्धीकरण केंद्रांची आखणी करण्यात आणि ती चालवण्यात गेली, आणि गेली काही वर्षं विद्यार्थ्यांच्या अशा प्रकल्पांना मार्गदर्शन करतो आहे. त्या अनुभवावरून स्पष्टच सांगतो: दहा दिवसांत काहीही उभारू नका, आणि या तिघांपैकी कशावरही अजून शिक्का मारू नका. शुद्धीकरणाची रीत पाण्यावरून ठरते. ती पाच वर्षं टिकेल की पाच महिने, हे ती रोज चालवणाऱ्या माणसावरून ठरतं. तुमच्या प्रश्नात पाण्याबद्दल एकच वाक्य आहे आणि त्या माणसाबद्दल एकही नाही.

आधी पाणी घेऊ. डोंगरातल्या ओढ्याचं पाणी कोरड्या दिवसांत ५ एनटीयूच्या (एनटीयू हे गढूळपणाचं एकक) आत असू शकतं, आणि वर जंगल तुटलेलं असेल, उतारावर शेती असेल, तर एका जोरदार सरीनंतर तेच पाणी काही तासांत काहीशे एनटीयूवर जातं. तुमचे तिन्ही पर्याय इथेच अडखळतात. कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठात डेव्हिड मान्झ यांनी १९९० च्या दशकात बायोसँड फिल्टर विकसित केला. चांगली रचना आहे, पण साधारण ५० एनटीयूच्या आतल्या पाण्यासाठी. त्याचं काम वाळूच्या वरच्या थरात जमणाऱ्या सूक्ष्मजीवांवर चालतं. तो थर तयार व्हायला तीन-चार आठवडे लागतात, आणि गाळाने फिल्टर चोंदला की वरची वाळू ढवळावी लागते, म्हणजे तो थरच विस्कटतो. पावसाळ्यात दर दोन दिवसांनी वाळू ढवळणारं घर नक्की कसलं पाणी पितं, याचा विचार करा. मेंब्रेन तर अशा पाण्यात आणखी लवकर चोंदते.

आणि गढूळ पाण्यात नुसता क्लोरिन टाकूनही भागत नाही. जिवाणू मातीच्या कणांच्या आड सुरक्षित राहतात आणि पाण्यातला सेंद्रिय माल क्लोरिन खाऊन टाकतो. म्हणूनच निर्जंतुकीकरणाआधी पाणी १ एनटीयूच्या खाली आणावं, असं जागतिक आरोग्य संघटना सुचवते. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही, आयएस १०५०० मध्ये, स्वीकार्य मर्यादा १ एनटीयूच आहे, दुसरा स्रोतच नसेल तर ५. गढूळ ओढ्यासाठी याचा अर्थ एकच निघतो: आधी तुरटी किंवा तत्सम औषध टाकून कण एकत्र आणायचे, ते खाली बसू द्यायचे, उरलेले वाळूत अडवायचे आणि मगच क्लोरिन. आपल्या नळपाणी योजनांत हेच चालतं. तुमच्या गटाच्या यादीत मात्र ते नाही, कारण ते गटाला ‘मोठ्या शहराचं’ वाटलं असावं.

इथे एक गोष्ट तुमच्या वेळापत्रकाबद्दल. मध्य होंडुरासच्या डोंगरात पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर-नोव्हेंबर पडतो. तुम्ही जानेवारीत जाल तेव्हा ओढा नितळ असेल. तुम्ही नमुने घ्याल, टर्बिडिटी, म्हणजे गढूळपणा, ४ किंवा ५ येईल, आणि परत येऊन त्या आकड्यावर डिझाइन कराल. हे मी अनेक अहवालांत पाहिलं आहे. गावातलं कोणी पावसाळ्यात रोज एक बाटली भरून वाचन घेऊ शकेल का, याची तजवीज आत्ताच, जाण्याच्या आधीच्या सेमिस्टरमध्ये करा. साधा टर्बिडिटी मीटर आणि एक वही एवढं पुरतं. प्रयोगशाळेत केओलिन ही पांढरी माती कालवून गढूळ पाणी तयार करता येतं, सगळे तेच करतात, पण रानातल्या ओढ्यात कुजलेल्या पानांतून आलेलं सेंद्रिय द्रव्य असतं आणि औषधाची मात्रा बऱ्याचदा मातीपेक्षा त्यावर ठरते.

दिसतं तेवढंच पाण्यात असतं असंही नाही. बांगलादेशात १९७०-८० च्या दशकांत तळ्यांच्या दूषित पाण्यातून लोकांची सुटका व्हावी म्हणून लाखो हातपंप बसवले गेले. पाणी स्वच्छ दिसत होतं आणि जंतूंच्या दृष्टीने खरोखर बरं होतं. १९९३ मध्ये त्यात आर्सेनिक असल्याचं तिथे निष्पन्न झालं. तेव्हा एकदा तरी पूर्ण रासायनिक तपासणी करून घ्या: आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, मँगनीज. होंडुरास खाणींचाही देश आहे, ओढ्याच्या वरच्या अंगाला काय आहे ते चालत जाऊन बघा.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही निवडलेल्या देशातच, तुम्ही हाती घेतलेल्या प्रश्नावरच, एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी २००५ पासून सलग काम केलं आहे आणि त्यातून चालू केंद्रं उभी राहिली आहेत. कॉर्नेल विद्यापीठातला आग्वाक्लारा हा तो उपक्रम, मनरो वेबर-शर्क या प्राध्यापकांनी सुरू केलेला. ओहोहोना, तामारा, मार्काला, आतिमा अशा गावांत मिळून डझनाहून अधिक केंद्रं उभी राहिली. केंद्रात वीज लागत नाही, पंप नाही, मोटर नाही. पाणी वरून येतं आणि उतारानेच टाक्यांमधून वाहत जातं. आराखडे सगळ्यांसाठी खुले आहेत. तुमच्या गटाने पहिले दोन आठवडे फक्त ते वाचावेत.

त्यातली एक रचना जवळून दाखवतो, कारण चालवणाऱ्या माणसाचा विचार करून डिझाइन करणं म्हणजे काय, ते तीत स्पष्ट दिसतं. औषधाची मात्रा देणं हे कुठल्याही शुद्धीकरण केंद्रातलं सगळ्यात नाजूक काम. मोठ्या शहरात त्यासाठी डोसिंग पंप असतात, फ्लो मीटर असतात. गावात ते बंद पडले की सुटा भाग राजधानीतून, बऱ्याचदा परदेशातून यावा लागतो, आणि तो येईपर्यंत ऑपरेटर अंदाजाने बादलीने तुरटी ओततो. ती पद्धत मी आपल्याकडेही वर्षानुवर्षं पाहिली आहे.

आग्वाक्लाराच्या केंद्रात पाणी जिथे शिरतं त्या टाकीत एक उभा पीव्हीसी पाइप असतो. त्याला ओळीओळीने भोकं पाडलेली असतात, खाली जास्त आणि वर कमी कमी. साध्या भोकातून जाणारा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. भोकांची ही मांडणी अशी केलेली आहे की टाकीतली पातळी प्रवाहाच्या सम प्रमाणात वर-खाली होते. प्रवाह दुप्पट, तर पातळी दुप्पट. दुसरीकडे तुरटीचं किंवा पॉलीॲल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण एका छोट्या टाकीत फ्लोट व्हॉल्व्हने कायम एकाच पातळीवर राखलेलं असतं आणि तिथून ते बारीक, लांब नळीतून वाहतं. नळी इतकी बारीक की प्रवाह शांत, थरांथरांनी जाणारा राहतो. अशा नळीत प्रवाह हा हेडच्या, म्हणजे दोन टोकांच्या पातळीतल्या फरकाच्या, सम प्रमाणात असतो. म्हणजे दोन्ही बाजूंचं गणित सरळ रेषेत आलं. आता मध्ये एक तरफ टाकली. तिच्या एका टोकाला पाण्याच्या टाकीतला तरंगता गोळा, आणि दुसऱ्या बाजूला एका सरकपट्टीवर औषधाच्या नळीचं तोंड. पाणी वाढलं की गोळा वर जातो, नळीचं तोंड खाली येतं, औषध त्याच प्रमाणात वाढतं. पाणी बंद झालं की तोंड औषधाच्या पातळीला येतं आणि औषध आपोआप थांबतं.

मात्रा किती द्यायची हे मात्र माणूसच ठरवतो. सरकपट्टीवर खुणा असतात. पाणी गढूळ झालं की ऑपरेटर पट्टी पुढे सरकवतो, आणि औषध थेंबथेंब पडताना त्याला डोळ्यांनी दिसतं. नळी चोंदली तर ती हार्डवेअरच्या दुकानात मिळते. क्लोरिनच्या द्रावणाला हीच रचना चालते. पाणी कठीण असेल तर तिथे चुन्याचा थर नळीत धरतो, तो व्हिनेगरने निघतो. सुरुवातीच्या केंद्रांत प्रवाह बदलला की ऑपरेटरला मात्रा हाताने बदलावी लागत असे. तरफेची कल्पना त्यानंतर आली, आणि ती यायला वर्षानुवर्षं त्याच देशातल्या ऑपरेटरांशी संबंध टिकवून ठेवावा लागला. एका सेमिस्टरच्या गटाला हे साधलं नसतं.

फिल्टरचंही तसंच. आपल्याकडच्या नेहमीच्या जलद वाळू फिल्टरला उलट धुवायला, म्हणजे बॅकवॉशला, गाळण्याच्या वेगाच्या कितीतरी पट वेग लागतो. त्यासाठी पंप तरी हवा किंवा उंचावर वेगळी टाकी तरी हवी, आणि लहान गावात खर्च तिथेच वाढतो. कॉर्नेलच्या गटाने वाळूचे सहा थर एकावर एक रचले, प्रत्येक साधारण २० सेंटिमीटरचा. वाळूत पुरलेल्या खाचांच्या पाइपांमधून पाणी सहाही थरांत एकाच वेळी शिरतं आणि बाहेर पडतं. प्रत्येक थरात गाळण्याचा वेग सेकंदाला १.८ मिलिमीटरच्या आसपास असतो. धुवायच्या वेळी तेच सगळं पाणी फक्त तळातून सोडायचं. मग ते सहा थरांतून एकामागून एक वर जातं आणि वेग आपोआप सहापट, सेकंदाला ११ मिलिमीटरच्या घरात, होतो. वाळू उचलली जाते आणि धुतली जाते. वेगळा पंप लागत नाही, वेगळी टाकी लागत नाही. याच उपक्रमातून निघालेल्या तंत्राची लहान रूपं पुढे झारखंडातल्या काही गावांतही बसली.

या टाक्या उघड्या आहेत याकडे लक्ष द्या. बाजारात मिळणारे तयार ‘पॅकेज प्लांट’ बंद लोखंडी डब्यातले असतात, आत काय चाललंय ते कळत नाही. उघड्या टाकीत ऑपरेटर फ्लॉक, म्हणजे औषधाने एकत्र आलेल्या कणांचे पुंजके, बघतो. ते कुठे तयार होतात, किती मोठे होतात, बसतात की वर येतात, हे बघून त्याला मात्रा कमी पडली की जास्त झाली ते समजतं. महिन्याभरात त्याची नजर बसते. माझ्या मते स्वस्त जलशुद्धीकरणातली सगळ्यात मोलाची वस्तू हीच नजर आहे, आणि डिझाइन असं हवं की ती तयार व्हायला वाव मिळेल.

याचा अर्थ हे सगळं कॉर्नेलमध्येच सुचलं असा नाही. पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेच्या पेरूमधल्या लिमा इथल्या केंद्राने यंत्रांशिवाय चालणाऱ्या, पाण्याच्या उतारावर भिस्त ठेवणाऱ्या शुद्धीकरणावर फार आधीपासून काम केलं आहे आणि लॅटिन अमेरिकेत ती परंपरा मोठी आहे. आणि तुम्ही महाराष्ट्रातून गेलात म्हणून आवर्जून सांगतो: डॉ. जे. एन. कर्डिले यांनी १९७० च्या दशकात नागपूरजवळ रामटेक इथे, आणि पुढे जळगाव जिल्ह्यातल्या वरणगाव व नाशिक जिल्ह्यातल्या चांदोरी इथे, ग्रामीण भागासाठी सोपी केलेली केंद्रं उभारली. फ्लॉक तयार करायला फिरत्या पंख्यांऐवजी खडीचा थर, गाळ बसवायला तिरप्या नळ्या, आणि फिल्टरमध्ये वाळूवर महागड्या अँथ्रासाइट कोळशाऐवजी नारळाच्या करवंटीचे तुकडे. जगभरच्या तज्ज्ञांनी ती कामं नोंदवली आहेत. आपल्या सिव्हिलच्या अभ्यासक्रमात मात्र ती क्वचितच शिकवली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्या गटातल्या अमेरिकन मित्रांना रामटेक दाखवा. गरीब देशांना द्यायची वस्तू म्हणून हे तंत्र जन्माला आलेलं नाही. ते त्या देशांतल्या अभियंत्यांनी स्वतःच्या गरजेतून घडवलेलं आहे, हे त्यांना कळलं तर होंडुरासच्या अभियंत्यांशी त्यांचं बोलणं वेगळ्या पातळीवर होईल.

घरोघरी ठेवायच्या फिल्टरांना मी नाकारत नाही. घरं विखुरलेली असतील, नळ नसेल, प्रत्येकाचा स्रोत वेगळा असेल, तिथे तेच योग्य. मातीच्या कुंडीचा फिल्टर १९८१ मध्ये ग्वाटेमालात फर्नांडो मासारिएगोस यांनी तयार केला. मातीत लाकडाचा भुसा किंवा भाताचं तूस मिसळून कुंडी भाजतात, भुसा जळून सूक्ष्म छिद्रं राहतात, वरून चांदीचा लेप देतात. तासाला एक ते तीन लिटर पाणी गाळलं जातं. गावच्या कुंभाराला जमणारी ही गोष्ट आहे आणि जंतू चांगले अडवते. पण कंबोडियात वापराचा मागोवा घेतला तेव्हा दर महिन्याला सुमारे २ टक्के फिल्टर वापरातून जात असल्याचं आढळलं, मुख्यतः फुटल्यामुळे. तेव्हा कुंडी निवडली तर जवळच नवी कुंडी विकत मिळण्याची सोय आधी बघा, नाहीतर चार वर्षांनी हाती फारसं काही उरणार नाही.

विद्यार्थ्यांच्या कामाचं दुसरं महत्त्वाचं उदाहरण नेपाळच्या तराईतलं. एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी तिथल्या संस्थांबरोबर बायोसँड फिल्टरच्या वर लोखंडी खिळ्यांचा थर देऊन आर्सेनिक काढणारा ‘कंचन’ फिल्टर तयार केला. खिळे गंजतात, गंज आर्सेनिकला धरून ठेवतो. कल्पना सुंदर, साहित्य बाजारात मिळणारं, आणि हजारो घरांत ते पोहोचले. पुढच्या तपासण्यांत दिसलं की निकाल विहिरीगणिक बदलतात आणि भूजलात मुळात विरघळलेलं लोह किती आहे यावर बरंच अवलंबून आहे. या कामाबद्दल मला आदरच आहे. त्यातून घ्यायचं ते हे की एका गावच्या पाण्यावर चाललेली गोष्ट शेजारच्या गावात चालेलच असं नाही, आणि बसवल्यानंतरची तपासणी हा प्रकल्पाचाच भाग आहे. तिचा खर्च पहिल्या दिवशीच्या अंदाजपत्रकात हवा.

आता विद्यार्थ्यांची जागा नक्की कुठली, याकडे येतो. आग्वाक्लारात विद्यार्थी बांधकाम करत नाहीत. ते प्रयोगशाळेत संशोधन करतात, त्याचे क्रेडिट घेतात, एका गटाने अर्धवट सोडलेला प्रश्न पुढचा गट उचलतो. होंडुरासमध्ये केंद्र बांधणं आणि ऑपरेटर तयार करणं हे आग्वा पारा एल पुएब्लो या तिथल्या संस्थेचं काम. आणि केंद्राची मालकी गावच्या पाणी समितीकडे, तिथे तिला हुंता दे आग्वा म्हणतात. पाणीपट्टी ती ठरवते, ती गोळा करते, ऑपरेटरचा पगार ती देते. विद्यार्थी येतात आणि जातात, दर वर्षी चेहरे बदलतात. संस्था आणि समिती तिथेच राहतात. म्हणून कामाची वाटणी अशी केली की विद्यार्थी पदवी घेऊन निघून गेले तरी केंद्र बंद पडत नाही. इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स-यूएसए ही संस्था २००२ मध्ये स्थापन झाली, बेलीझमधल्या सान पाब्लो गावच्या पाण्याच्या कामातून. तीही आपल्या विद्यार्थी शाखांना एका गावाशी किमान पाच वर्षं बांधून घ्यायला लावते. तुमच्या गटाकडे दोन सेमिस्टर आहेत. तुमच्यानंतर हे कोण पुढे नेणार, हे तुमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना आजच विचारा. उत्तर नसेल तर गावात जाऊन आशा लावू नका.

तर मग दहा दिवसांत काय करायचं? पहिली गोष्ट, चालू असलेलं एखादं केंद्र बघा आणि ऑपरेटरबरोबर पूर्ण पाळी बसा. विचारायचे प्रश्न तांत्रिक वाटणारही नाहीत. औषध कुठून येतं, किती दिवस पुरतं, संपलं तर काय करता? रात्री पाऊस आला तर कोण उठतं? शेवटचा पगार वेळेवर झाला का? कुठला व्हॉल्व्ह सगळ्यात जास्त त्रास देतो? स्पॅनिश येणारा माणूस गटात हवाच, आणि दुभाष्याला जार टेस्ट, फ्लॉक, अवशिष्ट (पाण्यात उरलेला) क्लोरिन हे शब्द आधी शिकवून ठेवा. दुसरी गोष्ट, तुमच्या गावच्या समितीच्या बैठकीला बसा आणि हिशेबाची वही बघायला मागा. किती घरं पाणीपट्टी भरतात यावरून त्या गावाला कुठलं तंत्र पेलेल ते मला तुमच्या पूर्ण साहित्य-आढाव्यापेक्षा जास्त कळेल. ‘स्वस्त’ म्हणजे उभारणीचा खर्च कमी, असं धरू नका. दहा वर्षांची तुरटी, क्लोरिन, पगार आणि दुरुस्ती त्या वहीतून निघायला हवी.

तिसरी गोष्ट, जार टेस्ट. सहा बीकर, प्रत्येकात एक लिटर ओढ्याचं पाणी, प्रत्येकात वेगळी मात्रा. मिनिटभर जोरात ढवळायचं, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी सावकाश, मग अर्धा तास हात लावायचा नाही. मात्रा बरोबर असेल तिथे सावकाश ढवळतानाच टाचणीच्या डोक्याएवढे फ्लॉक दिसू लागतात आणि त्यांच्यामधलं पाणी काळसर नितळ होतं. कमी पडली असेल तिथे दुधी धूसरपणा राहतो. जास्त झाली तरी पुन्हा धूसर राहू शकतं, आणि नवा माणूस तिथे आणखी औषध घालतो. डोंगरी पाण्यात क्षारता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, कमी असते हे विसरू नका. १ मिलिग्रॅम तुरटी जवळजवळ अर्धा मिलिग्रॅम क्षारता खाते. क्षारता संपली की पीएच घसरतो आणि कितीही तुरटी घातली तरी फ्लॉक धरत नाही. मग चुना द्यावा लागतो किंवा पॉलीॲल्युमिनियम क्लोराइडकडे जावं लागतं, जे क्षारता कमी खातं. हा तुमच्या गटाला पुरेल असा संशोधनाचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर तिथल्या ऑपरेटरला दुसऱ्या दिवशी वापरता येईल.

शेवग्याच्या बियांबद्दलही गटात नक्की कोणीतरी बोलेल, दर वर्षी कोणीतरी बोलतंच. त्यांनी पाणी निवळतं, आपल्याकडे निवळीच्या बियांनीही निवळतं. पण बियांतलं सेंद्रिय द्रव्य पाण्यात उरतं, ते क्लोरिन खातं आणि साठवलेल्या पाण्यात जिवाणूंना खाद्य पुरवतं. गावच्या नळयोजनेसाठी तो पर्याय धरू नका.

जंतूंच्या तपासणीचं थोडं. प्रबंधात ‘९९ टक्के जिवाणू काढले’ असं लिहिताना थांबा. १०० मिलिलिटरमध्ये १०,००० ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जिवाणू) असतील तर ९९ टक्के काढूनही १०० उरतात, आणि पिण्याच्या पाण्यात ते शून्य हवेत. टक्क्यांबरोबर उरलेला आकडा नेहमी लिहा. गावातच एचटूएस (हायड्रोजन सल्फाइड) बाटली वापरता येईल. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेत मांजा आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये मांडलेली ही चाचणी आहे. पाणी काळं झालं की दूषित. तिला फ्रिज लागत नाही, वीज लागत नाही. मात्र ती फक्त आहे किंवा नाही एवढंच सांगते, आणि काही भूजलात विष्ठेशी संबंध नसलेल्या जिवाणूंनीही ती काळी होते. रोजच्या कामासाठी त्याहून उपयोगी म्हणजे शेवटच्या घरातल्या नळाला अवशिष्ट क्लोरिन मोजणं. आपल्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक ओटी टेस्ट (थेंब टाकून रंगावरून क्लोरिन ओळखण्याची चाचणी) करतो तसंच. लिटरला ०.२ मिलिग्रॅम तिथे मिळत असेल तर मधली सगळी साखळी बऱ्यापैकी चालते आहे असं धरता येतं. ती चाचणी टाकीजवळ करून वहीत भरली तर तिचा काही उपयोग नाही.

निवडीबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही लिहिलं आहे त्यावरून गावात नळ आहेत, समिती आहे, एकच ओढा आहे. अशा गावाला घरोघरचे फिल्टर देण्याऐवजी एक सामायिक, विजेशिवाय चालणारं केंद्र योग्य ठरेल, आणि ते बांधण्याचा अनुभव असलेली संस्था त्याच देशात आहे. तुमच्या गटाने तिच्याशी पत्रव्यवहार करावा, तिला कुठला प्रश्न अडतो आहे ते विचारावं आणि त्यातला एकच, दोन सेमिस्टरमध्ये बसेल असा प्रश्न घ्यावा. निधीतले पैसे प्रवासावर कमी आणि पावसाळ्यातल्या मोजमापावर जास्त खर्च करा. सहांऐवजी तिघेच गेले तरी चालेल, उरलेल्या तिकिटांत टर्बिडिटी मीटर, त्याची प्रमाणित द्रावणं आणि वाचनं घेणाऱ्या गावकऱ्याचं मानधन येईल. मीटर ठेवून येणार असाल तर ती द्रावणं संपल्यावर कुठून मागवायची तेही लिहून द्या.

ओढ्याचे पहिले आकडे हाती आले की इथेच टाका. टर्बिडिटीबरोबर क्षारता, पीएच आणि नमुना पावसानंतर किती तासांनी घेतला हे हवंच. ते आल्यावर कुठलं औषध आणि किती मात्रेपासून सुरुवात करायची, यावर पुढे बोलू.